तीन अंशांवरचा सूर्य

भाचा आयलिफ लॅपटॉपमध्ये सगळं भरून देऊन गेला.
निघताना म्हणाला, "आत्या, आधी नुसता एक घन ठेव.
टेबलावर. बाकीचं मग."
आणि दक्षिणेकडची बोट पकडली.

पहिल्या दिवशी काळा पडदा.
दुसऱ्या दिवशीही काळाच.
तिसऱ्या दिवशी लक्षात आलं,
कॅमेऱ्याची परवानगी मागायचीच राहिली होती.
बरोबर आहे.
दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं तर आधी विचारावं.

चौथ्या दिवशी घन आला,
पण टेबलावर कसला,
मीच त्याच्या आत उभी.
फ्रिज आत, अर्धी खिडकी आत.
इथे एक म्हणजे एक मीटर,
हे मला कोणी सांगितलं होतं?
एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात काट्यावर उभी होते,
कॉडची पेटी नुसती बघून किलो सांगायचे,
आणि ज्याला वजनच नाही अशा ठोकळ्यानं
मला सबंध गिळलं.
एकाच्या आधी शून्य आणि टिंब दिलं.
साखरेच्या डब्याएवढा झाला मुकाट्यानं.

फोनला सपाट जागा आयती दिसत नाही,
हुडकावी लागते.
जिथे काही ओळखीचं वाटेल तिथे तो पिवळे ठिपके सांडतो,
खवले उडावेत तसे.
माझ्या लख्ख पुसलेल्या पांढऱ्या टेबलावर
एकही नाही.
मग जुनं चौकड्यांचं मेणकापड अंथरलं,
पावाचा चुरा तसाच राहू दिला,
कॉफीचा डागही,
तेव्हा कुठे त्याला टेबल पटलं.
बाहेर बर्फावर नेला तर बिचारा आंधळा.
इतक्या स्वच्छ जागी
त्याला पाय रोवता येत नाही.

नोव्हेंबर सरता सरता आमच्या वार्डोचा सूर्य जातो
तो जानेवारी अर्धा होईतो फिरकत नाही.
पडद्यावर मात्र घडोघडी सूचना:
उजेड अपुरा आहे.
"हे तू मला सांगतोस?" मी म्हटलं,
आणि घरातले सगळे दिवे स्वयंपाकघरात आणून ठेवले,
न्हाणीघरातलासुद्धा.

शेजारची आसब्यर्ग आली, बूट न काढताच.
"आग लागली की काय, तोरगुन? रस्त्यावरून दिसतंय."
मी फोन तिच्या हातात दिला.
तिनं घनाकडे हात नेला,
हात अलीकडे, तरी घनच हाताच्या वर.
तिनं हात काढला, बोटं मोजल्यासारखी पाहिली.
"याचा उपयोग काय?"
"अजून काही नाही."
"मग ठीक," म्हणाली,
आणि स्वतःच कॉफी ओतून घेतली.

तिला न आवडलेलं मलाही सलत होतं.
घन बसलेला नव्हता. टेकलेला होता, पण बसलेला नाही,
पाहुणा खुर्चीच्या काठावर टेकतो तसा.
त्याला सावली नव्हती.

शोधलं. सूर्य आधीपासून दिलेलाच होता,
यादीत, घनाच्या वरच्या ओळीत,
पन्नास अंश चढलेला.
पन्नास!
आमच्याकडे जूनमध्येसुद्धा तो इतका वर येत नाही.
कुठल्या गावचा असेल कोण जाणे.

मी तो आकडा खोडला. चाळीस. वीस.
प्रत्येक वेळी बांधणी होईपर्यंत एक कप.
आसब्यर्ग एव्हाना बूट काढून बसली होती.
शेवटी तीन लिहिलं,
फेब्रुवारीच्या सुरुवातीला धक्क्यावरच्या क्रेनमागून
तो जेमतेम डोकं काढतो, तेवढं.

घनाच्या पायातून सावली निघाली,
चौकड्यांवरून, चुऱ्यावरून,
आसब्यर्गच्या कपाला न जुमानता
लांब, लांबच लांब.
आसब्यर्गनं कप उचलून बाजूला घेतला.
का, ते मी विचारलं नाही.

टेबलाच्या कडेशी मात्र ती तुटली,
सुरीनं कापल्यासारखी.
खाली जमीन आहे
हे फोनला अजून ठाऊक नाही.

उद्या तिथे जुनी सतरंजी टाकून बघते.